तांब्यात दिसलेली खोली

नांदेड, १९ जून

अपू,

लोणच्याच्या बरण्यांची ती दुपार तुला आठवते का? तू दुसरीत असशील. आपल्या वजिराबादच्या स्टुडिओतली लाइट गेली होती आणि लेबल छापणाऱ्याला संध्याकाळी फोटो हवा होता. मी टेबल ओढत खिडकीपाशी नेलं, तुझ्या बाबांचं जुनं धोतर खिडकीवर टाचलं आणि तुला पांढरा पुठ्ठा देऊन बरणीच्या पलीकडे उभं केलं. "थोडा वर. थोडा माझ्याकडे. आता श्वास घेऊ नको." तू खरंच घेतला नाहीस. फोटो काढून बघते तर तुझं तोंड लालबुंद. मग आपण ती बरणी उघडली, ज्यांची होती त्यांना न विचारता, आणि एकेक फोड खाल्ली. तू बोटं फ्रॉकला पुसलीस. तेलाचा डाग गेला नाही तो नाहीच. बस, एवढंच. अशा दुपारी पुष्कळ झाल्या. आज सकाळपासून हीच का आठवते आहे कोण जाणे.

हे पत्र सिद्रामप्पांच्या दुकानावर पाठवते आहे. बाबांच्या वेळेपासून त्यांच्या भांड्यांचे फोटो आपण काढत आलो, त्यामुळे लातूरच्या गंजगोलाईतलं ते दुकान मला माहेरच्यासारखं आहे. परवा त्यांनी फोनवर नवे फोटो पाठवले. तांबे, समया, अडकित्ते. खाली लिहिलं होतं, "वहिनी, लेकीचं काम बघा." मी बघितलं. अडकित्त्याची धार तू छान धरली आहेस.

फोन करून पाहिला नाही असं नाही. माझ्या नंबरावरून तुझा फोन लागत नाही, हे मला कळून चुकलं आहे. तुमच्या घरच्या पत्त्यावर का लिहिलं नाही, ते आज सांगत नाही. दुकानात पत्र पडून राहील, कोणाच्याही हाती लागेल. मी शाळेत असताना होस्टेलमध्ये आमची पत्रं सिस्टर वाचायच्या आणि मगच पेटीत टाकायच्या. जेवण घशाखाली उतरत नाही असं लिहायचं असलं की आम्ही लिहायचो, "इथली हवा फार चांगली आहे." आईला बरोबर कळायचं. तेव्हा आज मीही हवेबद्दलच लिहिते.

हवा ओली आहे. इकडे भिंतींना हात लावला तर चिकटतो, लातूरला थोडी कमी असेल. या दिवसांत लेन्सला बुरशी धरते. आधी केसाएवढी रेघ दिसते, मग कोळ्याचं जाळं. म्हणून कातडी पाकिटात लेन्स ठेवू नको, कातडं ओल धरतं. कपड्यांच्या कपाटात तर मुळीच नको. रेशमी साड्यांना चालतात त्या डांबर गोळ्या काचेला चालत नाहीत. तांदळाच्या डब्यात ठेव असं कोणी सांगेल, त्याला हो म्हण आणि ठेवू नको, तांदळाचा भुगा आत जातो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घे, पापडाचा असतो तसला. ओल ओढणारे ते निळे खडे पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून तळाशी ठेव. ओल पिऊन ते गुलाबी झाले की मंद आचेवर परत, पुन्हा निळे होतात. त्यासाठी जुना तवा वेगळा काढ, पोळ्यांचा नको. आणि बॅटरी कॅमेऱ्यात ठेवून विसरू नको.

रुखवतात दिलेल्या तुझ्या लेन्स सध्या कुठे आहेत? एवढंच विचारायचं होतं.

आई


नांदेड, ७ जुलै

अपू,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं. सिद्रामप्पांना फोन केला, तर म्हणाले, "पाकीट दिलं की वहिनी. पोरीनं पर्समध्ये टाकलं. फाडलं बी न्हाई, उघडलं बी न्हाई." वर म्हणाले, "माझं ऐकाल तर लिहीत ऱ्हावा. पितळ काय एका घासण्यानं निघतंय व्हय?"

म्हणून लिहिते. हवेचं पुरे झालं. मागच्या वेळी जे गिळलं ते आज सांगते.

चकचकीत भांड्याचा फोटो काढणं म्हणजे आरशाचा फोटो काढणं, हे तू माझ्याकडून इतक्यांदा ऐकलं आहेस की तुला त्याचा कंटाळा होता. सिद्रामप्पांनी पाठवलेला मोठ्या तांब्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. सवय आहे, दुसरं काही नाही. तांब्याच्या पोटात डावीकडे एक खिडकी होती. तिला पडदा नव्हता, ओढणी बांधलेली होती. भिंतीशी गुंडाळलेली एकच गादी. जमिनीवर छोटी शेगडी. दोरीवर कपडे, सगळे तुझेच. आणि मधोमध तू, वाकलेली. तुझ्या हातात कॅमेरा नव्हता, फोन होता.

मी फोटो बंद केला. पुन्हा उघडला. समोर बसून लग्नाचे फोटो दुरुस्त करणाऱ्या पुनमला वाटलं, मी भांड्यातला दोष शोधते आहे. "मॅडम, पोचा हाय का कुठं?" मी म्हटलं, हो, आहे.

तुमचं लातूरचं घर मी पाहिलं आहे. त्यात अशी खोली नाही.

तुला वाटेल, आई पाळत ठेवते. ठेवायची म्हणून ठेवली नाही गं. जे दिसलं ते दिसलं. मी कोणाला काही बोललेले नाही, सिद्रामप्पांनाही विचारलं नाही.

रुखवत मांडलं तो दिवस मात्र परत परत डोळ्यांपुढे येतो. लाडवांचं ताट, घागर, भातुकली, आणि त्यांच्या शेजारी कॅमेरा, तीन लेन्स, दिवे, स्टँड. मिहिररावांच्या आत्याबाई म्हणाल्या, "अगं बाई, ह्याच्यात पाणी कसं भरायचं?" सगळा मांडव हसला. तूही हसलीस. मिहिरराव हसले नाहीत. त्यांनी कॅमेरा उचलला आणि हातात तोलून पाहिला. मला ते आवडलं होतं. माणसाला कदर आहे असं वाटलं.

मग दोन वर्षांमागची ती दिवाळी. तू सहज म्हणालीस की तुमच्या स्टुडिओतल्या सामानाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते, सकाळी मागून घ्यावी लागते. मी म्हटलं, किल्ली तुझ्याकडे ठेव. तू म्हणालीस, "आई, माझ्या संसारात तुझं कुलूप नको." फराळाचं ताट तसंच ठेवून उठलीस. त्यावर मी आजही काही म्हणत नाही. नुसतं आठवलं म्हणून लिहिलं.

आता कामाचं. एका खिडकीच्या खोलीतही भांड्याचा फोटो उत्तम निघतो, पण भांड्याला खोली दिसता कामा नये. पांढऱ्या कापडाचा तंबू कर, भांडं त्याच्या आत ठेव आणि उजेड बाहेरून पडू दे. कापडातून गाळून आलेला उजेड भांड्यावर साईसारखा पसरतो. मग ते फार पांढरं, सपाट दिसायला लागतं. त्यासाठी दोन्ही कडांना काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या कर, काठ उमटतील. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र करू नको, एक बाजू निळी पडते, एक हिरवट. पिवळा बल्ब तर नकोच. त्याने पितळ सोन्यासारखं दिसतं आणि घरी समई उघडल्यावर गिऱ्हाईक शिव्या देतं, तुला नाही, सिद्रामप्पांना. एक तर खिडकी, नाही तर एकाच जातीचे दोन दिवे.

पुनम वीस तारखेच्या सुमारास मावशीकडे लातूरला जाते आहे. तिच्याबरोबर दोन सारखे एलईडी दिवे, पांढरं कापड, काळा कागद आणि फोनचा स्टँड देते. फोनने काढावं लागतं म्हणून मनाला लावून घेऊ नको. उजेड नीट असला तर फोनही चांगलं काम देतो.

आई


नांदेड, २९ जुलै

अपू,

पुनम तुझ्याकडे जाऊन आली. आईला काही सांगायचं नाही अशी तू तिला शपथ घातलीस. तिने ती पाळली. कशी पाळली ते ऐक.

"मी काहीच सांगणार न्हाई बघा मॅडम. ताईनं शपथ घातलीय. खोली औसा रोडला हाय, हे बी मी बोलणार न्हाई."

"बरं, नको बोलू."

"हाव. एकलीच ऱ्हातीया ते तर न्हाईच."

"पुनम, चहा घे."

"घेते. पर चहा घेऊन बी सांगणार न्हाई, की सिद्रामप्पांची ऑर्डर गेल्या दसऱ्याच्या आदी ताईनं सोताच्या नावावर धरली, तवा मिहिरदादानं कपाटाची किल्ली द्यायचीच बंद केली. म्हणले, घरची बाईच ऑर्डरी धरत हिंडाय लागली तर पाटीवर माझं नाव कशाला ठेवू?"

"मग ताई काय म्हणाली?"

"ताई म्हणली, नका ठेवू." पुनमने चहा फुंकला. "अन् पिशवी उचलून निघाली. हे बी मी सांगितलं न्हाई."

मी हसले. खरंच हसले गं. "नका ठेवू." माझी आई अशीच एखादं वाक्य टाकून उठायची.

पुनम म्हणते तू वाळली आहेस. सगळं सामान तू ठेवून घेतलंस, नको म्हणाली नाहीस, हेही म्हणाली. आणि आज सिद्रामप्पांनी समयांचे नवे फोटो पाठवले. कडा काळ्याभोर, अंगावर मऊ उजेड, पितळ पितळच दिसतं. मी एक मोठा करून पाहिला. खिडकी नाही, गादी नाही, शेगडी नाही. तूही नाहीस. चारी बाजूंनी पांढरं कापड.

याहून चांगला फोटो मलाही जमला नसता. तांब्यात मला निदान तू जेवण कशावर करतेस ते दिसत होतं. आता तेही गेलं. मीच शिकवलं, तेव्हा तक्रार कोणाकडे करू?

दिवे फार वेळ सलग लावू नको, गरम होतात. आणि खिडकीशी झोपू नको, खाली रस्ता आहे असं पुनमने मला सांगितलेलं नाही.

आई


नांदेड, ४ सप्टेंबर

अपू,

हे पत्र पुनमचा भाऊ भागवत स्वतः आणून देईल. तुझ्याच हातात द्यायचं, असं त्याला बजावलं आहे. यावेळी उत्तर हवं आहे.

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मिहिरराव दारात उभे. खांद्यावर काळी बॅग. वाकून नमस्कार केला. ते नेहमी करतात, नीट वाकून करतात.

"अपूर्वा फार बिझी आहे, आई. नाही तर आलीच असती महालक्ष्म्यांना."

"हो, कामं असतील," मी म्हटलं.

पुनमने पाण्याचा पेला त्यांच्यासमोर जरा जोरातच ठेवला. त्यांच्या लक्षात आलं नाही. आपलं बोलणं बंद आहे हे त्यांना ठाऊक आहे, तेव्हा मला काही माहीत नसणार असंच ते धरून चालले होते. मीही तसंच चालू दिलं.

"एक काम होतं. लेन्समध्ये जाळं झाल्यासारखं दिसतंय. हैदराबादला पाठवलं तर महिना जाईल, आणि नवरात्राच्या ऑर्डरी तोंडावर आहेत. तुमच्यासारखा हात कुणाचा आहे, आई?"

त्यांनी बॅग उघडली आणि सगळ्या घरात वास पसरला. ओलीचा, हळदीचा, कुजक्या फुलांचा. तुझा कॅमेरा होता आत. तिन्ही लेन्स होत्या. कॅमेऱ्याच्या रबरात कुंकू जाऊन बसलेलं, बटणाच्या फटीत अक्षतेचा दाणा. मोठ्या लेन्सचं झाकण काढलं तर आत झेंडूची एक पाकळी, काळी पडून काचेला चिकटलेली.

"हे काय हो?"

"खंडेनवमीची पूजा," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. "स्टुडिओतली पहिली पूजा मी ह्याचीच करतो. मागच्या दसऱ्याला ताज्या फुलांचा हार केला होता, आणि हारासकट लाल कपड्यात बांधून कपाटात ठेवलं. उत्तरपूजा केलीच नाही. म्हटलं, देवाचा हात वर्षभर राहू दे."

"आणि मधे वापरलं नाही कोणी?"

"मी व्हिडिओवाला. माझा कॅमेरा वेगळा. हे अपूर्वाचं आहे ना."

हे अपूर्वाचं आहे. त्यांच्याच तोंडचे शब्द आहेत, अपू, मी घातलेले नाहीत. बोलून गेल्यावर ते लगेच सावरले. मग म्हणाले, "म्हणजे आमचंच. आता प्रॉडक्टचं सगळं मीच बघणार आहे."

पुनम स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा, अडकित्त्याला हार घालून सुपारी फुटती का वो?"

"काय म्हणाली ती?"

"चहात साखर किती, विचारते आहे," मी म्हटलं.

मला त्यांचा राग आला का? आला. पण समोर बसून ते ती पाकळी नखाने काढू पाहत होते, तेव्हा थोडी कीवही आली. तुझ्या वस्तूची त्यांनी ओल्या फुलांनी पूजा केली आणि तुला मात्र तिला हात लावू दिला नाही. यात काही चुकलं हे त्यांना खरोखर दिसत नाही. वाईट माणसाशी भांडता येतं. अशा माणसाशी कसं भांडायचं, मला ठाऊक नाही. तू इतके महिने ते कसं केलंस, तेही ठाऊक नाही.

ते गेल्यावर मी तिन्ही लेन्स टॉर्चच्या उजेडात धरल्या. दोन वाचतील. तिसरी, अगदी जवळून फोटो काढायची, ती गेली. बुरशी पुसता येते गं, पण फार दिवस राहिली की काच खाते आणि मग पुसल्यावरही जाळं तसंच राहतं. तिच्यातून आता दिव्याभोवती धुकं दिसेल.

तर बॅग माझ्याकडे आहे. पुढच्या रविवारी, १४ तारखेला, मिहिरराव न्यायला येणार आहेत. हैदराबादला पाठवली म्हणून थाप मारता येते. दार लावून घेता येतं. रुखवतात तुला दिलेलं तुझंच असतं, त्यासाठी कोणाला विचारायला नको. पण मी माझ्याच मनाने ती अडवून ठेवली, तर तुझ्या घरात पुन्हा माझं कुलूप झालं. आणि निमूट परत दिली, तर फुलं घालून पुन्हा कपाटात जाईल आणि तू फोनवर समया काढत बसशील.

म्हणून मी ठरवत नाही. तू ठरव. द्यायची का ठेवायची? एक शब्द पुरे. माझ्याशी बोलायचं नसेल तर पुनमला सांग.

आई


नांदेड, १२ सप्टेंबर, शुक्रवार

अपू,

हे पत्र पाठवत नाही. स्टुडिओच्या टेबलावर ठेवून जाणार आहे. तू वाचशील तेव्हा मी घरात नसेन.

तुझा फोन आला हे पुनमने मला सांगितलं, पण त्याआधी सकाळभर तिने कारण नसताना चहा केला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. शेवटी मीच म्हटलं, "शपथ घातली असेल तर नको सांगू." तर डोळे पुसत म्हणाली, "यावेळी शपथ न्हाई घातली मॅडम. सांग म्हणल्या. म्हणून तर सांगवंना."

मग सांगितलं. रविवारी तू येणार आहेस. तुझं तू घेऊन जाणार आहेस, चोरून नाही, मिहिररावांच्या देखत. आणि मी घरात असले तर येणार नाहीस.

पुनमने विचारलं, का हो ताई? तू म्हणालीस, "आई काही बोलणार नाही. तिचं ते न बोलणंच मला सोसणार नाही."

आधी मला फार लागलं. मी आतल्या खोलीत जाऊन उगाच धुतलेले टॉवेल पुन्हा घड्या करत बसले. मग वाटलं, तू खरं तेच बोललीस. तू दारात उभी राहिलीस की मी काहीच म्हणणार नाही, पाणी देईन, बस म्हणेन. आणि तुला प्रत्येक घोटात ऐकू येईल, किल्ली तुझ्याकडे ठेव म्हटलं होतं. मी मनातही तसं म्हणत नाही, असं लिहिणार होते. पण पत्र वाचणाऱ्या सिस्टर आता नाहीत, तेव्हा खरं लिहिते. मिहिरराव बॅग ठेवून गेले त्या संध्याकाळी मनात आलं, "बघ." तुला उद्देशून आलं. लगेच गेलं, पण आलं होतं. तुला ते इतक्या लांबून कळलं, यात मला नवल वाटत नाही.

माझं बरोबर निघालं, याचा मला काडीचा उपयोग नाही गं. माझं चुकलं असतं आणि तू त्या घरात हसत राहिली असतीस तर मी आनंदाने दर दिवाळीला तुझी बोलणी खाल्ली असती. पण हे तोंडाने सांगायला गेले तर तेही मोठेपणासारखं वाटेल. त्यापेक्षा मी जाते.

जळकोटच्या साखराबाई कधीच्या बोलावत आहेत. त्यांच्या बायकांनी तुरीची डाळ पाकिटात घालून विकायला काढली आहे, तिचे फोटो हवे आहेत. रविवारी सकाळी लवकर निघते. डाळीचे फोटो काही अवघड नाहीत. तिच्यात कोणी दिसत नाही.

आता नीट वाच. पुनमलाही हे सगळं सांगितलेलं आहे, पण ती ऐन वेळी भांडायला लागेल, म्हणून तू लक्ष ठेव.

काळी बॅग मिहिररावांची, ती त्यांना परत द्यायची. आतून पुसून दोन दिवस उन्हात ठेवली होती. तिच्या कप्प्यात त्यांची मेमरी कार्डं, चार्जर आणि कुठल्याशा लग्नाच्या व्हिडिओचा पेन ड्राइव्ह निघाला, ते सगळं पाकिटात घालून वर नाव लिहिलं आहे. त्यातलं काही ठेवून घ्यायचं नाही. ते पाहुणे म्हणून आलेत, त्यांना चहा द्यायचा, साखर घालून. ते रागावले तर रागावू दे. तुझ्या पाठीशी उभं राहायला पुनम आहे, आणि सिद्रामप्पा त्या दिवशी योगायोगाने नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळ दुकानं बघायला येणार आहेत आणि योगायोगाने आपल्याकडेच जेवणार आहेत. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. त्यांनी मला काही विचारलेलं नाही.

कॅमेरा आणि वाचलेल्या दोन लेन्स तुझ्या. काचेच्या कोरड्या कपाटात वरच्या फळीवर आहेत. कुंकू सगळं निघालं, एका बटणाखाली थोडं राहिलं आहे, ते टोकरू नको. ते छोटं कपाटही तुझ्याबरोबर जाऊ दे. भागवत ऑटो बोलावून एस.टी. स्टँडपर्यंत पोचवेल. आतला ओल मोजणारा काटा पन्नासाच्या आसपास राहिला की पुरे. त्याहून फार कोरडं करू नको, लेन्सच्या आतलं वंगण सुकतं.

बुरशीने खाल्लेली लेन्स मला. ती वेगळ्या पिशवीत बांधून जिन्याखाली ठेवली आहे. तुझ्या सामानाजवळ ती चुकूनही ठेवू नको, एकीची दुसरीला लागते. तिच्याऐवजी माझी तसलीच जवळून काढायची लेन्स घे. माझे हात आता थोडे हलतात, मला तिचा उपयोग होत नाही. हे पहिल्यांदाच लिहिते आहे. काळजी करण्यासारखं काही नाही, डाळीचे फोटो मी स्टँडवर काढते.

रुखवतातले मोठे दिवे आणि स्टँड बॅगेत नव्हते, ते लातूरच्या स्टुडिओतच असतील. ते मागायचे की सोडायचे, ते तू आणि मिहिरराव समोरासमोर बोला. त्यात माझं मत नाही.

धपाटे पुनम गरम करेल, वर मडक्यातलं दही आहे. ते तुम्हा सगळ्यांचं. मिहिरराव थांबले तर त्यांनाही वाढा.

सिद्रामप्पांचे जुने निगेटिव्ह निळ्या पेटीत आहेत, ते त्यांना परत कर. त्यांच्या वडिलांचे फोटो आहेत त्यात, कधीपासून मागतात.

पुनमला दिवसभराची सुट्टी द्यायची होती, ती घेणार नाही म्हणते. तिला माझी जांभळी शाल दे. कपाटात समोरच आहे.

मी संध्याकाळच्या गाडीने परत निघेन, यायला अंधार पडेल. त्याआधी निघायचं असलं तर नीघ. वरच्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर घातली आहे. ती तुझी. लागली नाही तर तशीच राहू दे, मी आल्यावर घडी करीन.

आई